नोकरीसाठी ठाणे-नवी मुंबईत येताय? एरिया कसा निवडायचा आणि कुठल्या क्रमाने

नाशिक, कोल्हापूर, नागपूर, संभाजीनगर, कुठूनही नोकरीसाठी इकडे येणारे बहुतेक लोक हे काम उलट्या क्रमाने करतात. आधी ॲपवर फ्लॅट बघतात, फोटोत किचन आवडतं, भाडं बजेटमध्ये बसतं, टोकन (घर धरून ठेवायचे आगाऊ पैसे) जातं, आणि मग पहिल्याच सोमवारी कळतं की ऑफिसला पोचायला पावणेदोन तास लागतायत आणि त्यातला अर्धा वेळ तर स्टेशनपर्यंत जाण्यातच जातोय. तोपर्यंत ब्रोकरेज दिलेलं असतं, करार झालेला असतो, लॉक-इन (ज्या काळात घर सोडता येत नाही) सुरू झालेला असतो.

फ्लॅट सगळ्यात शेवटी बघायचा असतो. सुरुवात ऑफिसच्या गेटपासून करायची आणि तिथून मागे मागे घराकडे यायचं. खाली टप्पे त्याच क्रमाने दिलेत, मधला एखादा गाळला तर पुढचा नीट होत नाही, म्हणून क्रम बदलू नका.

टप्पा १ : ऑफिसची खरी माहिती काढा

ऑफर लेटरवर नुसतं "नवी मुंबई" किंवा "ठाणे" लिहिलेलं असतं आणि लोक तेवढ्यावर घर शोधायला लागतात. नवी मुंबई महापालिकेची हद्द दिघ्यापासून बेलापूरपर्यंत आहे, शिवाय बोलताना लोक खारघर, कामोठे, पनवेल, उलवे पण त्यातच धरतात. एरोलीच्या माइंडस्पेस ऑफिस पार्कमध्ये नोकरी असलेला माणूस "नवी मुंबईतच आहे की" म्हणून पनवेलला घर घेतो तेव्हा तो रोज जवळजवळ अख्खी लाइन ओलांडत असतो.

एचआरला फोन करून हे विचारा, आणि तोंडी नको, मेलवर उत्तर मागा:

- बिल्डिंगचं नाव आणि कुठल्या गेटने आत जायचं. मोठ्या पार्कात गेटपासून टॉवरपर्यंत चालायलाच दहा मिनिटं जातात.
- शिफ्ट किती ते किती, आणि बदलत राहते का.
- आठवड्यातून किती दिवस ऑफिसला यावं लागेल.
- कंपनीची बस आहे का, असेल तर तिचे पिकअप पॉइंट कुठले. हे विचारायचं बहुतेकांच्या लक्षातच येत नाही, आणि बस असेल तर पुढचं सगळं गणित बदलतं.
- काही महिन्यांनी बीकेसी (वांद्रे-कुर्ला कॉम्प्लेक्स) किंवा पवईला क्लायंटकडे पाठवणार का.

तपासा: शेवटच्या प्रश्नाचं उत्तर "शक्यता आहे" असं आलं तर ऑफिसच्या अगदी दाराशी घर घेण्यापेक्षा चांगल्या स्टेशनजवळ घेतलेलं बरं.

टप्पा २ : एरियाच्या आधी लाइन ठरवा

इथे अंतर किलोमीटरमध्ये मोजून उपयोग नाही, गाडी कुठे बदलावी लागते त्यावर सगळं आहे. तीन लाइन डोक्यात बसवून घ्या.

मेन लाइन म्हणजे सीएसएमटी, ठाणे, कल्याण आणि पुढे. ठाण्याला फास्ट गाड्या थांबतात आणि काही लोकल ठाण्याहूनच सुटतात, सकाळी बसून जायचं असेल तर या ठाणे लोकल लक्षात ठेवा. हार्बर म्हणजे सीएसएमटीहून कुर्ला, मानखुर्द, वाशी, नेरूळ, बेलापूर, खारघर करत पनवेल. हार्बरला मेन लाइनसारखी फास्ट गाडी नाही, सगळी स्टेशनं घेत जाते, पनवेलहून सीएसएमटी सव्वा तासाच्या वरच धरा. तिसरी ट्रान्स-हार्बर, ठाण्याहून दिघा गाव, एरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे, तुर्भे, आणि तुर्भ्यानंतर ती फुटते, एक फाटा सानपाडा-वाशीला, दुसरा जुईनगर-नेरूळकडे आणि पुढे पनवेलला. ठाण्याला इंडिकेटरवर वाशी आहे की नेरूळ की पनवेल हे न बघता चढलेला नवीन माणूस वाशीला जायचं असताना जुईनगरला उतरतो, तर हे आधीच माहीत असू द्या.

आता ऑफिसप्रमाणे:

एरोली, रबाळे, घणसोली, महापे, कोपरखैरणे या पट्ट्यात ऑफिस असेल तर ट्रान्स-हार्बरवरच राहा. एरोली, घणसोली, कोपरखैरणे हे सरळ पर्याय. ठाण्यात राहायचं असेल तर स्टेशनजवळ, किंवा एक स्टेशन पुढे कळवा. सकाळी ठाण्याहून नवी मुंबईकडे जाणाऱ्या गाड्यांना गर्दी खूप, कारण कल्याण-डोंबिवलीची माणसंही ठाण्याला उतरून तीच गाडी पकडतात. त्यामानाने नेरूळ-जुईनगरकडून एरोलीला येणं सुटसुटीत पडतं, हा पर्याय लोक विसरतात. महाप्याला स्वतःचं स्टेशन नाही, घणसोली किंवा कोपरखैरण्याहून रिक्षा किंवा बस, तेवढा वेळ जोडून घ्या.

बीकेसी, परळ, फोर्ट असेल तर ठाणे स्टेशनच्या आसपास किंवा वाशी-सानपाडा. दोन्हीकडून बीकेसीसाठी कुर्ला सोयीचं, तिथून पुढे रिक्षा किंवा बस. पवई, कांजूर, विक्रोळी असेल तर ठाणे किंवा मुलुंड, आणि गाडी असेल तर खाडीवरच्या एरोली पुलामुळे एरोलीपण चालतं. ऑक्टोबर २०२४ पासून मुंबईच्या पाचही एन्ट्री पॉइंटवर कार आणि इतर हलक्या वाहनांना टोल माफ आहे, त्यामुळे पुलाचा खर्च गेला, पण सकाळचा ट्रॅफिक आहे तो आहेच.

अंधेरी असेल तर ठाण्याहून लोकलने घाटकोपर आणि तिथून मेट्रो, हाच भरवशाचा मार्ग. पश्चिम उपनगरात बोरिवली-दहिसरला नोकरी असेल आणि ठाण्यात राहायचा विचार असेल तर रोज घोडबंदर रोडने जाणं आलं, गायमुखचा घाट त्यातच, मी तरी हे कोणाला सुचवणार नाही.

बेलापूर, खारघर, तळोजा एमआयडीसी, जेएनपीटी बंदराकडे नोकरी असेल तर सीवूड्स, बेलापूर, खारघर, नवीन पनवेल, उलवे. उलव्याला बामणडोंगरी आणि खारकोपर ही स्टेशनं आहेत, नेरूळ-बेलापूरहून उरणची गाडी तिकडे जाते पण गाड्या मोजक्या, एक चुकली तर बराच वेळ उभं राहावं लागतं. टाइमटेबल समोर ठेवून आपल्या शिफ्टला गाडी आहे का बघा, मगच उलव्याचा विचार करा.

वागळे इस्टेटला ऑफिस असेल तर पाचपाखाडी, सावरकर नगर, लोकमान्य नगर, वर्तक नगर, मुलुंड चेकनाका. लोकलची गरजच पडत नाही.

सावधान: येणाऱ्या मेट्रोच्या भरवशावर आज घर भाड्याने घेऊ नका. "मेट्रो स्टेशन समोरच होणारे" असं ब्रोकर सांगतो तेव्हा एकच बघायचं, तुमच्या कराराच्या ११ महिन्यांत त्यात बसून तुम्ही ऑफिसला जाणार आहात का. आज गाडी धावत असेल तरच हिशोबात धरा.

टप्पा ३ : जाहिरातीतल्या नावावर जाऊ नका

सगळ्यात जास्त लोक इथे फसतात म्हणून जरा सविस्तर लिहितो.

"ठाणे वेस्ट" असं लिहिलेलं असतं. नौपाडा ठाणे वेस्ट, जिथून स्टेशनला चालत जाता येतं. कासारवडवलीपण ठाणे वेस्टच, जी स्टेशनपासून दहा किलोमीटरच्या आसपास आहे आणि मध्ये माजिवडा, कापूरबावडी, मानपाडा, पातलीपाडा, वाघबीळ ही सगळी सिग्नलची आणि ट्रकची रांग आहे. घोडबंदर रोडला नवीन बिल्डिंगा आहेत, मोकळं वाटतं, येऊरचा डोंगर दिसतो, भाड्यात मोठा फ्लॅट येतो, आणि ज्याचं ऑफिस घोडबंदरलाच आहे किंवा जो आठवड्यातून एखाद दिवसच जातो त्याच्यासाठी ती खरंच चांगली जागा आहे. रोज सकाळी ठाणे स्टेशन गाठायचंय त्याने मात्र घोडबंदर टाळावा. "अप्पर ठाणे" म्हणून जे विकतात ते बहुतेक भिवंडीकडचं असतं, खाडीच्या पलीकडचं, तसंच "अप्पर खारघर" म्हणजे तळोजा.

नवी मुंबईत सेक्टरचा घोळ वेगळा. प्रत्येक नोडला (वाशी, नेरूळ अशा प्रत्येक वसाहतीला) स्वतःचा सेक्टर १ पासून नंबर आहे. वाशीलाही सेक्टर १०, नेरूळलाही, एरोलीलाही, खारघरलाही. रिक्षावाल्याला आणि कुरिअरवाल्याला सांगताना नोडचं नाव आधी, सेक्टर नंतर. आणि सेक्टरचे नंबर ओळीने आहेत असंही समजू नका, १९ च्या शेजारी २० असेलच याची खात्री नाही, नकाशा उघडूनच बघायचं.

खारघरचं उदाहरण घ्या. स्टेशनजवळचे सेक्टर आणि आत सेक्टर ३४-३५ कडचं खारघर यात रोजच्या जगण्याचा मोठा फरक आहे. नोव्हेंबर २०२३ मध्ये बेलापूर ते पेंधर मेट्रो सुरू झाली आणि आतल्या सेक्टरना जरा जीव आला, पण ही मेट्रो खारघर रेल्वे स्टेशनला जात नाही, ती बेलापूरला जाते. म्हणजे आतल्या सेक्टरहून वाशी किंवा कुर्ल्याला जाणाऱ्याने बेलापूरला मेट्रोतून उतरून लोकल पकडायची. जाहिरातीत "मेट्रो आणि रेल्वे दोन्ही जवळ" असं असेल तर दोन्ही वेगवेगळे मोजून घ्या.

मग स्टेशनपासून किती लांब चालेल? माझं मत स्पष्ट आहे, पंधरा मिनिटं चालत. त्यापुढे गेलात की रिक्षा आली आणि रिक्षा म्हणजे रांग. पैशाचं पण बघा. फेब्रुवारी २०२५ पासून मुंबई महानगरात रिक्षाचं किमान भाडं २६ रुपये आहे. रोज दोन वेळा किमान भाड्याची रिक्षा धरली तर ५२ रुपये, महिन्याचे २४ दिवस म्हणजे १,२४८. आणि लांबच्या सेक्टरहून एका बाजूला ७० रुपये होत असतील तर महिन्याला ३,३६०. आत गेल्यावर भाडं तीन हजाराने कमी मिळतंय म्हणून जे लोक खुश होतात त्यांचे ते पैसे असे जातात, वर वेळ जातो तो वेगळा. शेअर रिक्षा स्वस्त पडते पण ती ठरलेल्या रूटवरच असते आणि रात्री उशिरा मिळेल याची खात्री नसते.

तपासा: नकाशावर घराचा पिन टाकताना बिल्डिंगचं नाव टाका, "खारघर" किंवा "घोडबंदर रोड" असं टाकून आलेल्या वेळेला काही अर्थ नाही. स्टेशनच्या कुठल्या बाजूला उतरायचं तेही बघा, पूर्व-पश्चिम ओलांडायला पूल किंवा सबवे असतो आणि पावसात सबवेत पाणी भरतं.

टप्पा ४ : घरातल्या बाकीच्यांचा हिशोब

दोघं नोकरी करत असाल आणि ऑफिसं दोन टोकांना असतील, समजा एकाचं एरोली, दुसऱ्याचं बीकेसी, तर लोक नकाशावर मधली जागा शोधतात. दोघांनाही त्रास होणारी जागा बऱ्याचदा अशीच निवडली जाते. त्यापेक्षा हे ठरवा की कोणाला रोज जावंच लागतं, कोणाला उशीर झालेला चालत नाही, आणि मूल असेल तर पाळणाघरातून आणायला कोण जाणार. ज्याच्या वेळेला ताण जास्त त्याच्या लाइनवर घर. वरच्या उदाहरणात ठाणे स्टेशनजवळ राहिलात तर दोघांनाही गाडी बदलावी लागत नाही, एक ट्रान्स-हार्बरने जातो, दुसरा मेन लाइनने.

मुलांची शाळा असेल तर घराआधी शाळा. सीबीएसईचं वर्ष एप्रिलमध्ये सुरू होतं, स्टेट बोर्डाचं जूनमध्ये, आणि नावाजलेल्या शाळांचे फॉर्म आदल्या वर्षाच्या शेवटीच निघायला लागतात. एप्रिलनंतर येत असाल तर आधी फोन करून कुठल्या शाळेत सीट आहे ते बघा, शाळेची बस कुठपर्यंत येते ते विचारा आणि मग त्या पट्ट्यात घर शोधा.

गावाला वरचेवर जाणं असेल तर तेही धरा. पुणे, सातारा, कोल्हापूरवाल्यांना नवी मुंबईची बाजू बरी, सायन-पनवेल हायवे दाराशी आणि एक्सप्रेस वे कळंबोलीला सुरू होतो. नाशिक, जळगाव, धुळेवाल्यांना ठाणे, कारण माजिवड्यालाच नाशिक हायवे लागतो आणि खोपटला एसटी. कोकणातल्या लोकांना पनवेल सोयीचं. आईवडील गावाला एकटे असतील तर ही गोष्ट छोटी नाही.

टप्पा ५ : चालू दिवशी प्रवास करून बघा

आता दोन-तीन एरिया नक्की झाले असतील. अजून फ्लॅट बघायचा नाही.

जमत असेल तर पहिले दोन-तीन आठवडे पीजी, गेस्ट हाउस, नातेवाईक, कुठेही काढा पण ऑफिस सुरू झाल्यावर एरिया बघा. ते शक्य नसेल तर निदान एक कामाचा दिवस काढून या. रविवारी येऊ नका. रविवारी रस्ते रिकामे असतात, त्यात मेगाब्लॉक (दुरुस्तीसाठी काही तास लाइन बंद) असला तर गाड्या उशिरा, म्हणजे दोन्ही बाजूंनी चुकीचं चित्र दिसतं.

कसं करायचं ते सांगतो. ज्या बिल्डिंगच्या आसपास राहायचा विचार आहे तिथे तुमच्या खऱ्या वेळेला जाऊन उभे राहा, शिफ्ट साडेनऊची असेल तर आठला. तिथून घड्याळ लावा. रिक्षा मिळेपर्यंत किती मिनिटं. स्टेशनला उतरल्यावर पुलावर चढायला किती. ठाण्याला तर ट्रान्स-हार्बरचा प्लॅटफॉर्म ९-१० गाठायलाच वेळ जातो, एक पूल भरलेला असला की माणसं जिन्यावर एका पायरीवर उभी राहून पुढच्याची पाठ बघत चढतात, ते मोजलं नाही तर रोज एक गाडी सुटणार. पहिली गाडी आली, चढता आलं का? नाही आलं तर दुसऱ्या गाडीपर्यंतची मिनिटं लिहा. उतरल्यावर ऑफिसच्या गेटपर्यंत. सगळं मोबाइलमध्ये टप्प्याटप्प्याने लिहा, नुसतं एकूण नको, कारण एकूण आकड्यावरून कुठे वेळ जातोय ते कळत नाही.

संध्याकाळी परत त्याच रस्त्याने या. परतीचा प्रवास बहुतेक जण तपासतच नाहीत आणि खरा त्रास बऱ्याचदा तिथेच असतो, स्टेशनबाहेर रिक्षाची रांग, घोडबंदरला जाणारी भरलेली टीएमटी (ठाणे महापालिकेची बस), कापूरबावडीचा सिग्नल. उशिराची शिफ्ट असेल तर रात्रीच्या वेळेला एकदा बघा, शेवटची ट्रान्स-हार्बर किती वाजता, स्टेशनबाहेर रिक्षा आहेत का, घरापर्यंतच्या रस्त्यावर दिवे आहेत का. घरातल्या बाईमाणसाला रात्री यावं लागणार असेल तर हा रस्ता तिनेच स्वतः बघून ठरवू दे, दुसऱ्याने "सेफ आहे" म्हणून सांगू नये.

तपासा: दारापासून गेटपर्यंत सव्वा तासाच्या वर गेलं तर तो एरिया यादीतून काढा. पावसाळ्यात यात अजून भर पडते.

टप्पा ६ : पाणी, पाऊस, वास

आता एरियात पायी फिरा.

पाणी कोण देतं हे जागेनुसार बदलतं. नवी मुंबई महापालिकेला मोरबे धरणाचं स्वतःचं पाणी आहे, म्हणून एरोली ते बेलापूर पाण्याची तक्रार त्यामानाने कमी. खारघर, कामोठे, कळंबोली, नवीन पनवेल हे २०१६ मध्ये झालेल्या पनवेल महापालिकेत येतात, उलवे-द्रोणागिरी सिडकोकडे (नवी मुंबई वसवणारं सरकारी महामंडळ), आणि तिथे उन्हाळ्यात पाण्याची ओढाताण होते. घोडबंदर रोडच्या बऱ्याच सोसायट्यांत टँकर येतो.

ब्रोकरला पाण्याबद्दल विचारू नका, "चोवीस तास" हेच उत्तर येणार. वॉचमनला विचारा, आणि "पाणी येतं का" असं नाही, "टँकर किती वाजता येतो" असं विचारा. येत असेल तर तो सहज वेळ सांगून टाकतो. मग फ्लॅट बघायला जाल तेव्हा बाथरूमचा नळ आणि शॉवरची जाळी जवळून बघा. पांढरा खडबडीत थर जमलेला असेल, शॉवरच्या निम्म्या भोकांतून पाणी तिरपं उडत असेल तर बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी आहे. गीझर, वॉशिंग मशीन आणि केस, तिन्हीवर परिणाम होतो. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये धरलाय का तेही विचारून घ्या, नाहीतर मे महिन्यात वेगळी वर्गणी येते.

पावसाचं पाणी. ठाण्यात वंदना टॉकीजचा परिसर, नवी मुंबईत सीबीडी बेलापूर, इथे जोराच्या पावसात पाणी भरल्याच्या बातम्या नेहमीच्या. पण पूर्ण एरिया खराब नसतो, गल्ली-गल्लीत फरक असतो. ओळखायची सोपी पद्धत, तळमजल्याची दुकानं बघा. किराणावाल्याने फ्रिज विटांवर चढवलाय का, दुकानाचा उंबरा रस्त्यापेक्षा दीड-दोन फूट वर घेतलाय का, भिंतीला खालच्या भागात एका रेषेत रंग उडालाय का. असेल तर त्यालाच विचारा पाणी कुठपर्यंत येतं, तो हात लावून दाखवेल. पार्किंग तळघरात असेल तर हे जास्तच गरजेचं.

वास. तळोजा आणि टीटीसी (ठाणे-बेलापूर पट्ट्यातली) एमआयडीसीच्या जवळच्या भागात केमिकलचा वास येतो, आणि तो बऱ्याचदा रात्री किंवा पहाटे येतो, ब्रोकर तुम्हाला दुपारी चारला घेऊन जातो तेव्हा हवा स्वच्छ असते. घरात दमा असलेलं कोणी किंवा लहान बाळ असेल तर रात्री दहानंतर एक चक्कर मारल्याशिवाय हो म्हणू नका. खाडीच्या बाजूच्या सेक्टरमध्ये डासांचंही विचारा, सगळ्या खिडक्यांना जाळी आहे का बघा.

टप्पा ७ : बिल्डिंग

आता फ्लॅट बघायला हरकत नाही. फ्लॅट कसा बघायचा ते सगळ्यांना येतं, मी फक्त जे राहून जातं ते सांगतो.

नवी मुंबईत सेक्टरच्या मध्येच गावठाणं आहेत, तिथल्या बिल्डिंगांत भाडं कमी असतं आणि अनेक चांगली कुटुंबं वर्षानुवर्षं राहतायत. पण त्यातल्या बऱ्याच बांधकामांना ओसी (राहायला परवानगीचा दाखला) नाही. ओसी आहे का ते विचारा, कारण उद्या कारवाईची नोटीस आली तर भाडेकरूच आधी बाहेर पडतो.

वाशी, नेरूळच्या जुन्या सिडको बिल्डिंगा आणि ठाण्यात नौपाडा, पाचपाखाडी इथे रिडेव्हलपमेंट जोरात आहे. लोकेशन मस्त आणि भाडं कमी दिसलं तर सोसायटीच्या सेक्रेटरीला सरळ विचारा, "रिडेव्हलपमेंट कुठवर आलंय?" बिल्डर नेमला असेल आणि घर रिकामं करायची तारीख जवळ असेल तर तिथे सामान लावू नका. पावसाळ्याआधी महापालिका धोकादायक इमारतींची यादी काढते, ठाण्यात सी-१ म्हणजे अतिधोकादायक, ताबडतोब रिकामी करायची. जुनी बिल्डिंग असेल तर यादीत नाव आहे का बघून घ्या.

सोसायटीचे नियम टोकनच्या आधी. बॅचलर चालतात का, नॉनव्हेजला हरकत आहे का, पार्किंग फ्लॅटबरोबर आहे की वेगळे पैसे, कुत्रा चालेल का, सामान आणायला कुठले वार, मूव्ह-इनचे किती घेतात. मालक "चालतं हो" म्हणतो आणि कमिटी गेटवर टेम्पो अडवते, हे नेहमी घडतं, म्हणून सेक्रेटरीचा शब्द घ्या.

टप्पा ८ : पैसे आणि कागद

सावधान: फ्लॅट प्रत्यक्ष न बघता, व्हिजिटसाठी, गेट पाससाठी, "दुसरी पार्टी तयार आहे" म्हणून, कशासाठीही पैसे पाठवू नका. मालक बाहेरगावी आहे, बदली झालीय, चावी कुरिअर करतो असं सांगून ऑनलाइन टोकन मागणारे फसवणारे असतात.

समोरचा माणूस खरंच मालक आहे का हे तीन कागदांवरून जुळवा: इंडेक्स टू (घराच्या रजिस्टर झालेल्या व्यवहाराचा उतारा), विजेचं ताजं बिल, आणि त्याचं ओळखपत्र. नाव तिन्हीवर एकच हवं. वेगळं असेल तर पॉवर ऑफ ॲटर्नी मागा. बिलात थकबाकी दिसली तर ती त्याने भरल्यावरच पुढे जा.

"हेवी डिपॉझिट" म्हणजे एकदाच मोठी रक्कम द्यायची आणि भाडं नाही. नवीन माणसाने यात पडू नये असं मला मनापासून वाटतं. मालकावर कर्ज असेल किंवा त्याने घर विकायला काढलं तर तुमची आयुष्याची बचत अडकते.

ब्रोकरेज साधारण एक महिन्याचं भाडं, पण आधी ठरवा, आणि ११ महिन्यांनी करार रिन्यू केला तर परत मागणार का तेही.

करार लीव्ह अँड लायसन्सचा (घर ठरावीक काळ वापरायला देण्याचा), लेखी आणि रजिस्टर केलेलाच. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे तो रजिस्टर करून घ्यायची जबाबदारी मालकाची आहे. नुसत्या नोटरीवर भागवू नका. खर्च फार नसतो. समजा भाडं ३०,००० आणि डिपॉझिट १ लाख, ११ महिने. भाडं झालं ३,३०,०००, त्यात परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के धरून ११ महिन्यांचे साधारण ९,१६७, एकूण ३,३९,१६७, त्यावर ०.२५ टक्के म्हणजे स्टॅम्प ड्युटी साधारण ८५० रुपये. शहरी भागात रजिस्ट्रेशन फी १,००० आणि वर थोडं डॉक्युमेंट हँडलिंग. एजंट घरी येऊन अंगठा घेऊन जातो त्याची फी वेगळी. कोण किती भरणार ते आधी बोला, आणि एजंट पाच-सहा हजार सांगत असेल तर हा हिशोब समोर ठेवा.

सही करायच्या आधी मसुद्यात ही कलमं स्वतः वाचा: लॉक-इन किती महिने, नोटीस किती आणि दोन्ही बाजूंना सारखी आहे का, डिपॉझिट किती दिवसांत परत, रंगाचे पैसे कापणार का, मेंटेनन्स कोण भरणार. नोकरीसाठी आलेल्या माणसाने लॉक-इन तीन महिन्यांच्या वर मान्य करू नये, एरिया चुकला किंवा ऑफिस हललं तर बाहेर पडता यायला हवं. वर्षाचं भाडं १ लाखाच्या वर जात असेल आणि एचआरए (घरभाड्यावरची करसवलत) घ्यायचा असेल तर मालकाचा पॅन लागतो, तो करारात घालून घ्या, मार्चमध्ये मागायला गेलं की मालक टाळतात.

भाडेकरूची माहिती पोलिसांना देणं मालकाचं काम आहे, ऑनलाइन होतं. त्याची पावती मागून घ्या, सोसायटीपण मागते.

टप्पा ९ : चावी घेताना

सामान आत जायच्या आधी रिकाम्या घराचा व्हिडिओ काढा, सावकाश, प्रत्येक भिंत, खिडकीच्या वरचे कोपरे, बाथरूमचं छत. ओल असेल तर पावसाळ्यात वाढणार आणि शेवटी डिपॉझिटमधून कापताना ती तुमच्या नावावर येणार, म्हणून व्हिडिओ त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सॲपवर पाठवा म्हणजे तारीख राहते. वीज मीटरचा आणि पाइप गॅस असेल तर त्याच्या मीटरचा रीडिंग दिसेल असा फोटो. पंखे, एसी, गीझर चालू करून बघा, दोन चाव्या आहेत का मोजा.

पहिल्या महिन्यात घर विकत घ्यायच्या गोष्टी सुरू होतील, ऑफिसमधले सांगतील, साइटवरून फोन येतील. एक पूर्ण पावसाळा त्या एरियात काढल्याशिवाय बुकिंगचा चेक देऊ नका. आणि करार संपायच्या दोन महिने आधी मोबाइलमध्ये रिमाइंडर लावून ठेवा, तेव्हा टप्पा ५ मधली मिनिटांची यादी परत काढायची, रोजच्या खऱ्या वेळेशी ताडून बघायची आणि मग रिन्यू करायचं की हलायचं ते ठरवायचं.